कपाटातला कोको

१२ ऑक्टोबर

कोकोला वास नाही. डबा उघडून नाक पार आत घातलं, तरी काही नाही. विटेची भुकटी हुंगावी तसं. चिमूटभर जिभेवर ठेवला तर कडू लागला, पण नुसताच कडू. कोको असा नसतो. हॉटेलच्या भटारखान्यात आख्खी नोकरी केक करण्यात गेली माझी, आणि हा किराणावाला मला फसवणार? डबा घेऊन तडक दुकानात गेलो. त्याने हुंगला आणि म्हणाला, "काका, एक नंबर माल आहे." वर शेजारच्या गिऱ्हाइकालाही हुंगायला दिला. तोही मान डोलावतो! दोघं सामील असणार. डबा परत घेऊन आलो.

महिनाअखेरीला इमारतीची हॅलोविनची पार्टी. खालच्या हॉलमध्ये पोरं भुतं होऊन नाचतात आणि मधल्या टेबलावर माझा केक असतो — काळाभोर, चार थरांचा, वर पांढरं कोळ्याचं जाळं. निवृत्त झाल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही. एरवी मी चौथ्या मजल्यावरचा म्हातारा. त्या दिवशी मात्र सगळे मला उस्ताद म्हणतात. यंदा भेसळीच्या कोकोवर ते घालवायचं की काय?

१४ ऑक्टोबर

जिन्यात विमेवाला भेटला. विमा विकतो आणि इमारतीचा सेक्रेटरीही तोच. म्हणे, "काका, मोठ्या तापातून उठलात. यंदा दगदग कशाला? केक बाहेरून मागवू." ताप ऑगस्टमध्ये आला आणि गेला. आता ऑक्टोबर अर्धा संपला. एवढी काळजी याला अचानक का वाटावी?

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरोबरच बोलला तो." बायको माझी, आणि बाजू त्याची.

१५ ऑक्टोबर

व्हॅनिलाच्या बाटलीत पाणी! ही म्हणते, झाकण उघडल्याबरोबर घरभर घमघमाट सुटलाय. शेंडी लावायला मीच सापडलो हिला.

१८ ऑक्टोबर

कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठे हे आता मला कळलंय.

तिसऱ्या मजल्यावर दातांची डॉक्टर राहते. बाई हुशार, गोड बोलते, तेवढंच मला खटकतं. गेल्या महिन्यात तिने नवा ओव्हन घेतला, माझ्यापेक्षा मोठा. गेल्या वर्षी माझ्या केकची कृती मागत होती. मी हसून टाळलं होतं.

आज कचरा टाकायला निघालो तर ही आणि ती दातवाली जिन्यात उभ्या. दातवाली म्हणाली, "काकू, सांगून टाका ना त्यांना." आणि आमची ही म्हणाली, "नको गं. पार्टी होऊ दे. मग बघू." माझी चप्पल वाजली तशा दोघी गप्प. दातवाली म्हणते कशी, "काय काका, बरंय ना?" मी म्हटलं, "बरंय. तुमच्या ओव्हनचं कसं काय?" ती गोंधळली. हिने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

केक दातवालीचा आणि टेबल माझं — असा बेत दिसतोय. पण घरभेदी ही निघावी?

१९ ऑक्टोबर

नमुन्याचा केक केला. ओव्हनसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो, म्हणजे कुणी बटणाला हात लावायला नको. ही न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली. "अहो, जळतंय! अहो, घर भरलंय!" दार उघडलं तर खरंच कोळसा. मी एवढा समोर बसलेलो, मला कळणार नाही? ओव्हनचा काटाच बिघडवून ठेवलाय कुणीतरी, त्याशिवाय असं होत नाही.

हिने खिडक्या उघडल्या, टॉवेलने हवा केली. मग शेजारी बसून हळूच म्हणाली, "तुम्हाला वास नाही का आला?" मी म्हटलं, "तू मला केक शिकवू नकोस." त्यावर ती उठून जळकं भांडं घासायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२० ऑक्टोबर

लेकीचा फोन. "बाबा, डॉक्टरकडे जाऊन या ना एकदा." तिला परगावी बसून कसं कळलं? कळवणारी घरातच आहे. मी ठणठणीत आहे म्हटलं आणि फोन हिच्या हातात दिला. मग बराच वेळ स्वयंपाकघरात कुजबुज चालली. नळ सोडून बोलत होती, म्हणजे मला ऐकू जाऊ नये.

२१ ऑक्टोबर

दोन बस बदलून बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गेलो. चॉकलेटच्या जाड वड्या, परदेशी कोको, व्हॅनिलाची नवी बाटली. दुकानातच वड्यांचा कागद सोडून हुंगल्या. त्यांनाही वास नाही. बाजारच नासलाय! पण निदान यावर कुणाचा हात तरी पडलेला नाही.

आता हा माल स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. खूप विचार करून जागा काढली — आतल्या खोलीतलं लोकरीच्या कपड्यांचं कपाट. थंडी पडेपर्यंत ते कुणी उघडत नाही. स्वेटर वर उचलले, डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बाजूला सरकवली आणि मधोमध सगळं नीट लावलं. कोकोचा कागदी पुडा, सुट्या झालेल्या वड्या, बाटली. वरून शाल. कुलूप. किल्ली चष्म्याच्या डबीत.

आता या म्हणावं.

२५ ऑक्टोबर

हिने विचारलं, "कपाटाची किल्ली कुठेय? स्वेटरना ऊन दाखवायचंय." मी म्हटलं, थंडी कुठेय? म्हणाली, "थंडी आल्यावर ऊन कुठनं आणू?" जिभेला धार आहे अजून. किल्ली दिली नाही.

नेमकं आत्ताच कपाट कसं आठवलं हिला?

२८ ऑक्टोबर

दातवाली अंडी मागायला वर आली होती. डझनभर. दोन माणसांच्या घरात डझनभर अंडी कशाला, असं विचारलं. म्हणाली, "लागतात हो काका." ही आतून म्हणाली, "थांब गं, मी देते." आणि दिलीसुद्धा. माझी अंडी! केकसाठी आणलेली. मी परत खाली जाऊन नवी आणली.

३० ऑक्टोबर

केक केला. सकाळीच कपाट उघडलं, सगळं जागच्या जागी. कुणाचा हात लागलेला नव्हता.

हात मात्र अजून माझाच आहे. कोको चाळला, त्यावर उकळती कॉफी ओतली, रवीने गुठळी राहणार नाही असं फिरवलं. लोण्यात साखर पांढरी होईपर्यंत फेटली. यंदा ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. काडी टोचून टोचून पाहिलं. चारही थर एकसारखे उतरले. थंड झाल्यावर वरचे फुगवटे दोऱ्याने कापले, सपाट, पाटासारखे. भटारखान्यात नवी पोरं सुरीने कापायची आणि अर्धा केक भुगा करायची. मी दोराच वापरायचो, आजही तोच. मग थरावर थर, मध्ये चॉकलेट आणि सायीचा लेप, बाहेरून गुळगुळीत. वर पांढरी वर्तुळं काढली आणि काडी बाहेरून आत ओढली. जाळं असं सुबक पडलं की मीच बघत राहिलो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

सकाळपासून ही नाकाला पदर लावून फिरत होती. सर्दी झाली म्हणाली. कापलेल्या फुगवट्याचा तुकडा तिने तोंडात टाकला. चेहरा कसासाच झाला. तशीच गॅलरीत गेली आणि बऱ्याच वेळाने आली, डोळे लाल. म्हणाली, "छान झालाय."

छान? लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या एकाही केकला छान म्हटलेलं नाही. "साखर जरा जास्त झाली का?" हे तिचं सर्वांत मोठं कौतुक. आज छान का म्हणाली?

दुपारी "जरा खाली जाऊन येते" म्हणून गेली ती दिवेलागणीला परतली. कोपराला कोको लागलेला. जुना डबा नमुन्याच्या केकात संपला, नव्यातला उरलेला पुडा कपाटात, किल्ली माझ्या डबीत. मग हा कोको कुठला? विचारलं नाही. उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोरच काय ते होऊ दे.

३१ ऑक्टोबर

लिहितोय. रागाने.

संध्याकाळी ही म्हणाली, "तुम्ही दाढी करा, कपडे करा. केक मी खाली नेते." मी नको म्हणत होतो, पण दाराशी विमेवाला आणि दातवाली दोघं हजर. खोका उचलून नेलासुद्धा. दातवाली चेटकीण झाली होती, टोकदार टोपी वगैरे. वेष बदलायची तिला गरज नव्हती.

मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा केक टेबलावर होता. चार थरांचा. काळा. वर जाळं. आणि ते जाळं माझं नव्हतं! मी काडी बाहेरून आत ओढतो. हे आतून बाहेर ओढलेलं, तेही वाकडं. माझ्या नाकावर टिच्चून केक बदलला होता.

पोरं "उस्ताद, उस्ताद" करत भोवती जमली. विमेवाला बशी घेऊन आला, तोंड भरलेलं. "काका, यंदा कमाल केलीत. आजवरचा सगळ्यांत भारी!" मी एक घास खाल्ला. गोड होता, कडू होता, आणि बाकी पुठ्ठा. चॉकलेटचा पत्ता नाही. या पुठ्ठ्याला सगळ्यांत भारी म्हणतात, आणि तेही माझ्या नावावर!

मग राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो, "हा केक माझा नाही. ज्याने केला त्याने समोर यावं. पुठ्ठा बरा लागतो याच्यापेक्षा."

गाणं कुणीतरी बंद केलं. मी दातवालीकडे बघत होतो, ती मात्र माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघत होती. ही कोपऱ्यात हातात रिकाम्या बशा घेऊन उभी. बशा टेबलावर ठेवल्या, एकावर एक, आवाज न करता, आणि वर निघून गेली.

बरं झालं. चोराला तोंड दाखवायची लाज वाटलीच पाहिजे.

१ नोव्हेंबर

ही बोलत नाही. चहा समोर ठेवते आणि आत जाते.

माझा केक परत आणायला दातवालीकडे गेलो. म्हटलं, आता माल सापडला की बोलतो एकेकीला. तिने दार उघडलं, भांडली नाही. केक गॅलरीत ठेवला होता, वर मोठं पातेलं पालथं घालून. मी म्हटलं, "घरात ठेवायला जागा नव्हती?" ती म्हणाली, "काका, घरात ठेवता येईना." हा वर अपमान! मी पातेलं उचललं तशी ती दोन पावलं मागे सरली.

मग म्हणाली, "जाळं तेवढं मी काढलं. काकूंना ते जमेना. केक त्यांनी केलाय. परवा दुपारभर, माझ्या ओव्हनमध्ये. कृती कुठे विचारायलाही लागली नाही, इतकी वर्षं बघतायत म्हणाल्या."

केक उचलून वर आलो. म्हणजे पुठ्ठा मी हिला म्हणालो, सगळ्या इमारतीसमोर.

पण बदलला का? माझा केक काय वाईट होता? कापला, एक तुकडा खाल्ला. गोड. कडू. बाकी पुठ्ठा.

दुसरा तुकडा खाल्ला. तसाच. हिचा केक आणि माझा केक, दुकानं वेगळी, हात वेगळे, आणि चव तीच, कालच्यासारखीच. मग कॉफीचा डबा उघडून हुंगला. लसूण सोलून हुंगला. साबण हुंगला. बाजार नासला असेल, पण साबणही? आता संशय घ्यायचा तरी कुणावर?

ही दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

२ नोव्हेंबर

सकाळी हिने माझ्या चष्म्याच्या डबीतून किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. मग समोर येऊन बसली. पार्टीनंतर पहिल्यांदा बोलली — "डोळे मिटा. हुंगा. काय आहे सांगा." मी श्वास छातीभर ओढला. म्हटलं, "काही नाही. मूठ रिकामी आहे तुझी." डोळे उघडले तर नाकासमोर तिचा तळहात, त्यावर डांबराची गोळी. ही रडत होती. मी तिचा हात धरून परत परत वास घेत राहिलो.