शिवलेला टप

२ नोव्हेंबर
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतो कोण. तुझ्या पायाचं काय म्हणणं आहे?

गॅरेजची जागा महिनाअखेर सोडायची आहे आणि लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर बाबांची गाडी काही मावायची नाही. म्हणून जुन्या गाड्या जमवणाऱ्यांना कळवलं. काल त्यांच्यातले एक जाणकार आले. दोन तास भिंग घेऊन गाडीखाली पडून होते, मधे चार कप चहा झाला. बाहेर आले ते हरखूनच. म्हणाले, उघड्या टपाच्या अशा अमेरिकन गाड्या मुळात थोड्या, आणि उरल्यात त्यांचे कापडी टप घडीवर फाटून कधीच बदललेले. आपला मात्र कारखान्यातून आला तसाच आहे, कारण तो वर्षानुवर्षं दुमडलाच नाही. एक संग्राहक लगेच न्यायला तयार आहेत. अट एकच, टप उघडायचा नाही. जुनं कापड तडकेल.

मग त्यांनी टपाची कड दाखवली आणि मी गारच पडलो. ती चौकटीला मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकली आहे. जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या आपल्या बाबांचा टाका मी ओळखणार नाही का? मला ते सांगायचे की टपाची कळ बिघडली आहे. कळ उत्तम आहे, ताई. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तुला काही ठाऊक आहे का?

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
ढब्बू

९ नोव्हेंबर
चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे तुझं. तरी पत्र चार वेळा वाचलं.

ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते, तुझा अजून पत्ताही नव्हता. बाबा ज्यांच्याकडे कामाला होते ते साहेब देश सोडून जाताना गाडी बाबांना देऊन गेले आणि पहिल्याच रविवारी बाबा मला घेऊन निघाले, टप उघडा टाकून. ते गात होते. हो, आपले बाबा. तळ्याकाठच्या रस्त्यावर त्यांनीच मला मागच्या सीटवर उभं राहायला सांगितलं, लांबचं दिसेल म्हणाले. मी हात पसरले आणि अजून जोरात म्हणून ओरडले. वळणावर कुत्रं आडवं आलं, त्यांनी ब्रेक मारला आणि मी बाहेर फेकले गेले. हा पाय तेव्हाचाच. मी कुंपणावरून पडले असं तुला सांगत आले सगळे, ते खोटं.

आईला मी सांगितलं की बाबा बस म्हणत होते, मीच ऐकलं नाही. बाबा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि काही बोलले नाहीत. आठवड्याभरानं त्यांनी टप शिवला. त्यानंतर त्यांचं गाणं मी कधी ऐकलं नाही.

गाडी जाऊ दे, माझी हरकत नाही. पण त्याआधी एकदा टप उघडून मला त्या रस्त्यानं ने. बहात्तराव्या वर्षी हट्ट शोभत नाही, तरी करते. नाही म्हणालास तरी माया कमी व्हायची नाही.

तुझी,
ताई

१५ नोव्हेंबर
ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. माझे बाबा म्हणजे खाली मान घालून शिवणारी एक पाठ. मला कधी गाडीतून हौसेनं फिरवलं नाही याचा राग इतकी वर्षं मनात धरून होतो, आज सांगतो.

संग्राहकांना फोन केला. टप उघडला तर व्यवहार मोडला, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग मोडू दे म्हणालो आणि फोन ठेवला. महिनाअखेरपर्यंत दुसरं कोणी आलं नाही तर गाडीचं काय करायचं ते मलाही ठाऊक नाही. रविवारी ये. बाबांच्या कात्रीला धार लावून ठेवतो. टाके तूच कापायचेस.

तुझा,
ढब्बू

२३ नोव्हेंबर
चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. हात अजून दुखतात. काय टाका घालायचा माणूस, दोघांना घाम फुटला. कापड दोन ठिकाणी टर्रकन गेलं तेव्हा तुझ्याकडे पाहवेना.

आणि तुझं ते गाडी हाकणं. मी उभी राहिले तर गोगलगायीच्या चालीनं चाललास, सायकलवाले पुढे जात होते. जोरात म्हणून मी ओरडले तरी दाद दिली नाहीस. तळं लहान झालंय की मीच मोठी झाले, कोण जाणे. परत येताना तू काहीतरी गुणगुणत होतास, तुझ्या लक्षातही नसेल. बाबाही अगदी असेच बेसूर गायचे. तेवढं तुला सांगायचं राहिलं होतं.

गिऱ्हाइकाची काळजी लागली आहे. लगेच कळव.
तुझी,
ताई

३० नोव्हेंबर
ती. ताईस,
शि. सा. न.

गाडी आज गेली. मोठ्या संग्राहकांपैकी कोणी फिरकलं नाही. एक सुतार आला. त्याच्याकडे जुन्या तीन गाड्या आहेत, स्वतःच दुरुस्त करतो. फाटका टप पाहून खूशच झाला. म्हणाला, म्हणजे आता हिला उघडी वापरता येईल.

बरोबर त्याची लेक होती, असेल सहा-सात वर्षांची. गाडी सुरू झाली तशी ती मागच्या सीटवर उभी राहिली. खाली बस, असं माझ्या तोंडाशी आलंच होतं. ते गिळलं. तिच्या बापाला सांगितलं, फाटकापर्यंत राहू दे उभी, पण अगदी सावकाश ने, आणि रस्त्याला लागायच्या आधी बसव.

तो हसला, पण तसंच केलं त्यानं. पोरगी हात पसरून गेली. ती खाली बसेपर्यंत मी तिथून हललो नाही, ताई.

तुझा,
ढब्बू