खोल पाण्यातला गळ

मांजराकाठ, जिल्हा लातूर
माघ, १९८४

प्रिय कमरू,

कागदाच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते आधी वाच. जिल्हा लातूर. आपण दोघी शाळेत एकाच पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' गिरवायचो, आठवतं? जिल्हा होऊन दीड वर्ष झालं, तरी हे दोन शब्द लिहिताना माझी मान अजून ताठ होते. आता कलेक्टर लातुरात बसतात, मासळीचं हापिसही लातुरातच आलंय, आणि साध्या कामासाठी एष्टीत दिवस घालवणं संपलं. तुझे दाजी मला चिडवतात, "जिल्हा झाला म्हणून नदीला पाणी वाढलं का गं?" मी म्हणते, नदीचं मला माहीत न्हाई, माझं पाणी वाढलंय.

माझ्या आधीच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. मला राग नाही. कागद समोर घेऊन बसावं आणि हात उचलूच नये असे दिवस बाईच्या वाट्याला येतात, हे मला कळतं. म्हणून आज मी तुला काही विचारत नाही. इकडं जे घडलं ते सांगते, तू नुसतं ऐक. सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना, इतकं ते मोठं आहे.

पण त्याआधी दुष्काळाचं सांगू दे. तुला ते आवडत नाही, तू नेहमी म्हणायचीस, "सरजा, वो बात नक्को काढू." पण गावात आज कुणी त्या सालाचं नाव काढलं की तुझं नाव निघतंच. बहात्तरला मांजरा अशी आटली की नदीच्या पात्रातून बैलगाड्या जायच्या. सगळं गाव खडी फोडायच्या कामावर. तुझे अब्बा, सरदारचाचा, कामावरच्या टिकाव-पहारींना धार लावून द्यायचे आणि शिकलगाराची भट्टी त्या वर्षी गावात एकट्या त्यांचीच पेटती होती. पाणी उरलं होतं ते फक्त महादेवाच्या देवळाखालच्या डोहात. नदीतली वाचलेली सगळी मासळी तिथं गोळा झालेली. कुणीतरी बागेवरचं इंजिन आणलं, डोह उपसायचा आणि चिखलातून मासे वेचायचे असं ठरलं. माझा बाप भोयांमधला जाणता, पण तो तापानं अंथरुणाला खिळलेला. त्याचं ऐकणार कोण?

तेव्हा तू पाण्यात उतरलीस. सोळा वर्षांची पोर, ओढणी कमरेला बांधून इंजिनाच्या पाइपासमोर छातीएवढ्या पाण्यात उभी. मरळीनं तिथं कडेला पिल्लं काढली होती, तांबड्या मुंग्यांसारखा त्यांचा थवा तुझ्याभोवती फिरत होता. लोक ओरडत होते, "ए पोरी, भाईर हो! तुझी जात काय, तुझा नदीशी संबंध काय?" आणि तू म्हणालीस, "ह्या गावातला हरेक गळ माझ्या अब्बानं वाकवलाय. माझा संबंध न्हाई तर कुणाचा हाय? आज डोह उपसाल, तर उद्या पाणी आल्यावर नदीत काय सोडाल? दगडं?" मी काठावर उभी होते. मग मीपण उतरले. मला पोहता येत होतं, तुला येत नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं.

इंजिन परत गेलं. त्या दिवसापासून डोहात जाळं टाकायचं नाही, फक्त गळ, आणि तोही मोठा, असं ठरलं. मोटारीच्या स्प्रिंगची तार तापवून सरदारचाचांनी आणि तू असे जाड गळ केले की लहान माशाच्या तोंडात ते जाऊच नयेत. मोठा मासा मिळाला की तो वाटून खायचा. लहान वाचले. पुढच्या पावसाळ्यात नदी आली तेव्हा आपल्या डोहातली मासळी खाली कुठवर गेली असेल देव जाणे. आज खालच्या गावांचे भोई मरळ पकडतात तेव्हा त्यांना काय ठाऊक, ती कुणामुळं आहे!

पाऊस येण्याआधीच तुम्ही गाव सोडलंत. चाचांना रत्नागिरीच्या बंदरावर नांगर आणि गळ घडवायचं काम मिळालं, तिथंच तुझं लग्न झालं. जलीलभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते ईदला तुम्ही इकडं आलात तेव्हा. दोन वर्षं झाली त्याला. मांजरेवरच्या नव्या धरणाचं पाणी तेव्हा नुकतं चढायला लागलं होतं. काठावर बसून ते समुद्राच्या गोष्टी सांगायचे. मैलभर लांब दोर, त्याला हाता-हातावर आखूड दोऱ्या, प्रत्येक दोरीला गळ, दोन्ही टोकांना वजन. सुरमई कशी वरच्या पाण्यात पळत्या आमिषाला धरते आणि घोळ कशी तळाशी दबा धरून बसते. आमच्या माणसांनी तोंडं उघडी टाकून ऐकलं. नदीतला माणूस, त्याला खोल म्हणजे दोन पुरुष पाणी.

आणि जलीलभाई बोलत असताना तू मध्येच हसलीस. म्हणालीस, "समंदरचं इथं चालायचं न्हाई. समंदरच्या तळाला वाळू, इथं तळाला बाभळी." मग चिखलात बोटानं रेघ ओढून तू दाखवलंस. दोर तळाला टेकवायचा नाही, मध्ये मध्ये सुके भोपळे बांधून तो बुडालेल्या झाडांच्या वर तरंगत ठेवायचा. वजनाचे दगड कच्च्या सुतळीनं बांधायचे, म्हणजे अडकले तर दगड जाईल, दोर हाती येईल. आणि गळाचं टोक आत वळवायचं, कारण राखायला कुणी नसताना माशानं स्वतःच वळताना जबड्याच्या कोपऱ्यात अडकलं पाहिजे. जलीलभाई तुझ्याकडं बघत राहिले. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "घरात मला असंच गप करते." काय अभिमान होता त्या माणसाच्या तोंडावर! तो चेहरा मी विसरले नाही, आणि तूही विसरू नकोस.

पुढं धरण भरलं. भोयांची सोसायटी झाली, धरणात मासे धरायचा ठेका मिळाला, आणि हातात काही येईना. पाण्याखाली आख्खी शिवारं, बाभुळबनं. जाळं टाकलं की फाटलंच. सहा महिने हेच चाललं. बाहेरची माणसं येऊन बघून जायची, हे भोई थकले की पाणी आपल्याला घेता येईल म्हणून. पोरं ऊसतोडीला जायची भाषा बोलायला लागली होती. तेव्हा मी सोसायटीत उभी राहून म्हटलं, कमरूनं दाखवलेला दोर करून बघू. व्यंकटीमामा अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, "चिखलात काढलेल्या रेघेवर धंदा करायचा का बाई?" बाकीचे हसले. तुझे दाजी हसले नाहीत. त्यांनी घरी येऊन दोर वळायला घेतला.

गळ कुठून आणायचे? बाजारातले बारीक, सरळ होऊन जायचे. चाचांच्या हातचे दुष्काळातले जाड गळ घरोघर आढ्याला खोचून ठेवलेले होते, ते मी मागून आणले आणि तापवून टोकं आत वळवली. माझ्या हातानं निम्मे मोडले, कमरू. तुझ्या हाताची किंमत मला तेव्हा कळली. उरले त्यांना लहान माशांचे तुकडे लावले, दिवस मावळायच्या आत दोर सोडला आणि उजाडताच उचलायला गेलो. होडीत मी, दाजी आणि व्यंकटीमामा. मामा खरं तर आमची फजिती बघायला आले होते.

पहिले गळ रिकामे. मग एक शिंगटा, मग दुसरा. मग दोर एकदम जड झाला आणि आडवा पळायला लागला. होडीची कड पाण्याला टेकली. मामा ओरडले, "सोड सरजे, झाडात अडकलंय!" मी म्हटलं, "झाड पळतंय व्हय मामा?" खाली दगड बाभळीत अडकला होता आणि वर मासा ओढत होता. तेवढ्यात कट्दिशी सुतळी तुटली, तू सांगितलीस तशी, दगड गेला आणि दोर मोकळा हातात आला. वर आला तो शिवडा, उभा धरला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा लांब. गळ बरोब्बर जबड्याच्या कोपऱ्यात. मामांनी त्याला कवेत धरून होडीत घेतलं आणि त्याच्यासकट खाली बसले. मग मामा म्हणाले, "शिकलगाराच्या पोरीनं केलं गं हे." लातूरच्या बाजारात तो शिवडा बघायला गर्दी झाली. कुणी विचारलं, कुठला मासा? मी म्हटलं, "आमच्याच जिल्ह्यातला." तेव्हापासून दोर रोज पडतो. ऊसतोडीला कुणी गेलं नाही.

हे सगळं जलीलभाईंना सांगायचं होतं मला. मागल्या साली त्या वादळात त्यांची बोट उलटली, ते परतले नाहीत, हे उदगीरच्या तुझ्या मावशीकडून कळलं, तेव्हा मी नदीवर जाऊन बसले, घरी रडता येईना म्हणून. मावशी म्हणाली, तू कुणाशी बोलत नाहीस. चाचा आधीच गेलेले, सासू बेगमबी आपल्या दुसऱ्या लेकाकडं निघाल्यात, आणि तू एवढंच म्हणतेस की आता मी कुणाच्याच कामाची राहिले नाही. कमरू, हे वाक्य ऐकून मला राग आला. पहिल्यांदाच तुझा राग आला. एवढ्या गावाचं पोट भरलंस आणि कामाची नाहीस म्हणतेस?

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते घेऊन आलेले तुझे दाजी आत्ता तुझ्या दारात बसले असतील, आणि शेजारी मान खाली घालून बसलेत ते व्यंकटीमामा. हट्टानं आलेत. सोसायटीला गळ घडवणारं माणूस हवं, आणि सगळ्यांनी एका आवाजात तुझं नाव घेतलं. काठावर, पाणी चढणार नाही अशा उंचीवर, तुझ्यासाठी भट्टीची खोली बांधून झालीय, शेजारी राहायला दोन खोल्या, तुझ्या लेकीला शाळा हाकेच्या अंतरावर. दया म्हणून कुणी बोलावत नाही, मोडलेले गळ ढिगानं पडलेत. तुझं मन होत नसेल तर दोघांना पोटभर जेवू घाल आणि परत पाठव, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण यायचं असेल तर चाचांची ऐरण त्यांच्या हवाली कर. ती एकट्याला उचलत नाही, म्हणूनच मी दोघांना पाठवलंय.

वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच
सरजा