पेरुंगुडीच्या भाताचा गोळा

तीर्थरूप सकवारअक्काच्या पायांशी तांबरमहून बालाजीचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? (खोकल्याला पायमोज्यात कांदा घालून झोपा, असं फोनवर कुणी पाठवलं तर ऐकू नका. मी करून पाहिलं. खोकला राहिला आणि ही हॉलमध्ये झोपायला गेली.)

मी सहजी कुणावर विश्वास ठेवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. बँकेत सह्या पडताळण्यात जन्म गेला, ती खोड जात नाही. हल्ली फोनवर रोज नवं कळतं. कोबी मेणाचा करतात, अंडी कारखान्यात होतात, तांदूळ प्लास्टिकचा असतो. म्हणे भाताचा गोळा जमिनीवर टाकायचा, उसळला की प्लास्टिक. बाकीचं सोड, ही परीक्षा मला शास्त्रीय वाटली.

आमच्या भव्याचं पेरुंगुडीच्या श्रीवत्साशी ठरत आलं होतं. मुलगा आपल्यातला, तंजावरकडचा मराठीच, आणि मुख्य म्हणजे पोरीला मनापासून आवडलेला. पण त्याच्या आई त्रिपुरसुंदरीबाई मला पहिल्यापासून खटकल्या. आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा भात पुन्हा मागून घेतला आणि मूठ मिटून एकट्याच बाल्कनीत गेल्या. (मागाहून चमचे मोजले. सगळे होते. म्हणून तर संशय वाढला.)

परवा त्यांनी आम्हांला बोलावलं. खाली पंगत, केळीची पानं. सांबार पडायच्या आत मी साध्या भाताचा गोळा वळला आणि पानाशेजारी हळूच सोडला. अक्का, तो उसळला, आणि थेट श्रीवत्साच्या आजीच्या पायसमात पडला. तिथंही मला गप्प बसता आलं असतं. पण मी विचारलं, तांदूळ कुठल्या दुकानातला. त्रिपुरसुंदरीबाई तडक आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. आम्ही लग्न ठरल्याचा तांबूल न घेता परतलो. म्हणजे सोयरीक मोडल्यातच जमा.

श्रीवत्साने नंतर अगदी अदबीने कळवलं, की भात चिकट असतो, दाबून वळला तर कुठलाही गोळा उसळतो. मी कशाला विश्वास ठेवतोय. घरचा भात टाकून पाहिला, तो जास्तच उसळला. (तुझ्या शेतातला. तुझ्यावर संशय नाही, पण गिरणीवाल्यावर लक्ष ठेव.) भव्या माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
बालाजी

ता. क. : त्या घरात तुझा शब्द मानतात. तू ये आणि माझ्या वतीने माफी माग. भावाला ऊन बाधलं म्हण, काहीही म्हण.

आणखी एक : येताना तांदूळ आणू नकोस.

आत्या, मी भव्या. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. मराठी लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. श्रीवत्सच्या आई रागावलेल्या नाहीत. तो व्हिडिओ त्यांनीही पाहिलाय. आमच्या बाल्कनीत त्यांनी आमचाच भात टाकून पाहिला होता. परवा आत गेल्या त्या स्वतःच्या घरचा टाकून पाहायला. तोही उसळला, मग लाजेने बाहेर येईनात. आता म्हणतात, व्याही असावा तर असा. बाबांना मी रविवारी सांगेन, तोवर जरा राहू दे तसंच. तुम्ही माफीला नको, तांबुलाला या. आणि तांदूळ नक्की आणा, दोघांना मिळून तपासू दे.