हिच्या स्वेटरचा हिरवा

प्रिय चिमणे,

पहिला आला तो टकल्या. अगं तोच, आजोबांचा पहिला संशोधक विद्यार्थी. आता स्वतःच कॉलेजात रसायनाचा विभागप्रमुख झालाय, पण दारात उभा राहिला तो तेव्हासारखाच अंग चोरून. मागून त्याची विद्यार्थिनी, उंच, चष्मेवाली. मी म्हटलं, बाबा रे, सर जाऊन आठ महिने झाले, आता कुणाकडे आलास? तर म्हणतो, तुमच्याकडेच, काकू. माझ्याकडे! पन्नास वर्षांत या घरी माझ्याकडे म्हणून कोण आलंय? यायचे ते सरांकडे. मी आपली चहा ठेवायची.

तू सांगितलंस तसं घर आवरतच होते. द्यायच्या कपड्यांचं गाठोडं दाराशी, आजोबांची खोली अर्धी रिकामी. हल्ली तिथे माझ्याच पावलांच्या आवाजाने मी दचकते. ते होते तेव्हा तरी कुठे बोलायचे म्हणा! सकाळी प्रयोगशाळा, दुपारी वर्ग, परत प्रयोगशाळा. घरी आले की अंगाला कुजक्या अंड्यांचा वास आणि डोकं तिकडेच. सासूबाई म्हणायच्या, नवरा तुझा, पण संसार बाटल्यांशी. मी हसण्यावारी न्यायची. तिसरी शिकलेली बाई, विचारणार तरी काय?

तर ऐक. पाण्यात विष आहे का ते ओळखायची एक रीत आजोबांनी काढली होती. औषधाचे थेंब टाकत जायचं, ठरलेला रंग आला की थांबायचं. तेव्हा कॉलेजात यंत्र कुठलं, सगळं डोळ्यांनी. ही पोर तेच काम पुढे नेतेय, पण वर्षभर तिचं उत्तरच जुळेना. का, तर आजोबांच्या वहीत लिहिलंय, हिच्या स्वेटरचा हिरवा आला की थांबावे. टकल्या लाजत विचारतो, काकू, कुठला हो स्वेटर?

चिमणे, मला लगेच कळलं कुठला ते. तुझ्या बाबाच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा विणलेला तो. आजोबांनी कधी बरा म्हटलं नाही की वाईट.

गाठोडं सोडलं. स्वेटर निघाला, पण पार विटलेला, राखेसारखा. पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, थांब गं, शाळा कमी झाली म्हणून अक्कल कमी नाही. कात्रीने वरून लावलेला खिसा उसवला. खाली चार बोटं हिरवा, कालच विणल्यासारखा! पोर तो घेऊन उजेडात धावली, आणि टकल्या, एवढा मोठा साहेब, पाठ फिरवून नाक पुसत उभा.

अशा आणखी अकरा नोंदी आहेत म्हणे. हिच्या बरणीचा निळा, हिच्या पडद्याचा पिवळा. एक तर, ही रागावते तेव्हाचा तांबडा! तो कसा दाखवू? टकल्याला म्हटलं, सांगितल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा ये, आपोआप दिसेल.

आता लिहायचं कारण सांगते. मंगळवारी मला न्यायला येऊ नकोस. रुसू नको बाळा. तुझ्याकडची खोली छान आहे, ऊन येतं, सगळं कबूल. पण जन्मभर वाटायचं, हे प्रयोगशाळेत गेले की यांना मी आठवतसुद्धा नसेन. आता कुठे कुठे आठवले ते एकेक बघायचंय, आणि ते रंग याच घरात आहेत. दोघं गुरुवारी येतो म्हणालेत.

तुझीच, अजून इथलीच,
आजी