खाली न ठेवायची करंडी

१० ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचा सासुरवाडीला! जीप बघून माझ्या बायकोचा, हलीमाचा भाऊ नियाज टपावरच चढला. सासूबाईंनी खाऱ्या चहात लोण्याचा गोळाच सोडला.
गावचा ओढा आटत चाललाय. म्हणून हिमनदीवरून नर आणि मादी बर्फ आणून वरच्या खड्ड्यात गाडणार, म्हणजे तिथे नवी हिमनदी धरेल. बर्फ पाठीवरच्या करंडीतून आणायचा, वाटेत टेकवायचा नाही, चकार शब्द बोलायचा नाही. आमच्याकडेही हेच. पण गावचे मुखिया हाजी रुस्तम म्हणाले, जावयाची जीप असताना पाय कशाला झिजवायचे?

१३ ऑक्टोबर
रस्ता कसला, दरडीवर ओढलेला ओरखडा! एक चाक खडीत, एक दरीवर. मी आधीच म्हटलं होतं, बर्फ गाडीतून आणणं बरं नाही. हाजी हसले, जीप काय जमीन आहे का रे!
बर्फ घेऊन उतरताना घसरणीच्या वळणावर दगड कोसळले. मी करकचून ब्रेक दाबला. मागे इतर करंडीवाल्यांसोबत बसलेल्या नियाजने पाठीवरची करंडी जीपमध्ये टेकवली, दांडा धरला आणि ओरडला, “दाजी, सांभाळा!”
दोन्ही नेम मोडले. मी म्हटलं, हा बर्फ इथेच ओता, नवा आणू. हाजींनी दटावलं, तोंड बंद ठेव, गावात कुणी पाहिलंय? आणि करंडी पुन्हा नियाजच्या पाठीवर चढवली.
खड्ड्यापाशी बाकीच्यांनी करंड्या रिकाम्या केल्या. नियाजची उतरेना.

१४ ऑक्टोबर
पट्टे कापले. तरी उतरत नाही, आणि करंडीला हात लावायला कुणी धजत नाही. चुलीपाशी बसवलं, बर्फाचा थेंब गळत नाही. पाठ निळी पडलीय. पोरगा बोलतही नाही, नुसता बघतो.
हाजी सांगत फिरतायत, थंडीताप आहे. थंडीताप! मी त्यांची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. हलीमा रडून म्हणाली, त्याला वर हिमनदीवर न्या, जिचा बर्फ तिला परत करा.

१५ ऑक्टोबर, सकाळ
नियाजला जीपमध्ये घेऊन निघालो, तर हाजी रस्त्यात आडवे. आणलेला बर्फ परत जात नाही म्हणे. आता नेम आठवले मेल्याला! गाडी अंगावर घातली, तेव्हा हटले.
वळणावर नियाजचे डोळे पांढरे झाले. बघवेना. करंडीखाली हात घातला — अलगद आली. माझ्या पाठीवर.
नियाज रडला. “दाजी” म्हणाला. मी ओ द्यायला गेलो — आवाज नाही. म्हणून लिहितोय.

दुपार
म्हणजे दुसऱ्याने हात घातला की सुटते आणि त्याच्या पाठीला चिकटते. नियाज वर बोट दाखवत होता, हिमनदी जवळच आहे, चला म्हणत होता. नाही. गाडी वळवली. हाजीच्या दारात जाणार. त्याच्याच पाठीवर —

गावात
बोटं वळत नाहीत. दार बंद. आत आहे हरामखोर. हॉर्न वाजवतोय —
कुणीतरी धावत — हाजी नाही. हलीमा. माझी पाठ बघितली तिने. हात पुढे —
नियाज वळणावरच उतरला, तिला सांगायला कुणी नाही — मी तोंड उघडतोय, आवाज —
हलीमा, हे वाच, आधी वाच, हात लावू न