नर्मदेची बटई

२८ ऑक्टो. ६५, सोनाळा
कार्यालयाचा कागद आला. १ नोव्हें.पासून घोडाभत्ता बंद. बावीस रुपये गेले, त्याऐवजी एक सायकल आणि तिचे महिना चार रु. डोंगरातल्या वस्त्यांवर पोरांना देवी टोचायला मी आता सायकलवरून जायचं म्हणे! सायकल माझ्यावर बसून जाईल ती वेगळी.
माझ्या घोडीला, नर्मदेला, यातलं काही कळलं नाही. नेहमीसारखी टोपी हुंगली. सहा वर्षांपूर्वी नर्मदेपलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, म्हणून हे नाव. सौ. म्हणते, घोडी विका. मी न ऐकल्यासारखं केलं.

३१ ऑक्टो.
विकायची नाही. एवढं ठरलं.
ठेवायची कुठे आणि कशावर, ते ठरत नाही. पगार ११८, घरात तोंडं पाच. यंदा पावसाने दगा दिलेला. कडबा शेकड्याला पंचवीस, तोही हाता-पाया पडून.

४ नोव्हें.
शेगावला जाऊन आलो. रहीमचाचा टांगेवाल्यांचा तबेला पाहिला. स्वच्छ, जनावरं धडधाकट. चाचांचे भाव तोंडपाठ. "पूरी खुराक, खरारा, नाल, सब मिला के पैंतालीस. दाना-चारा तुम्हारा, तो पंद्रह." मग माझा चेहरा पाहून, "टांगे को जोतने दोगे तो कुछ नहीं. उलटे पाँच मैं दूँगा."
पाच रु. ऐकून मन चळलं, खोटं कशाला लिहू. पण नर्मदेने जन्मात टांगा ओढलेला नाही. आणि घोडी शेगावात, मी सोनाळ्यात. एस.टी.चं भाडं धरलं तर...
नको.

७ नोव्हें.
पाटलांनी आपणहून बोलावलं. "डाक्टर, गोठ्यात जागा आहे. तुमच्याजवळून काय भाडं घ्यायचं?" (मी डॉक्टर कसला! पण देवी टोचतो म्हणून गावाचा डाक्टर.) चारा माझा, पाणी त्यांचा गडी दाखवील. बोलणं चालू असतानाच त्यांचे दोन पुतणे नर्मदेच्या पाठीवर हात फिरवून स्वारीचे बेत करत होते. हे फुकट मला सगळ्यांत महाग पडेल.

९ नोव्हें.
किसन माळी आला. नाल्याकाठी दीड एकर, वांगी-मिरची लावतो, माल डोक्यावरून बाजारात नेतो. बराच वेळ पागोट्याशी खेळत बसला, मग म्हणाला, "घोडी बटईनं द्या ना मले. खानंपिनं आमचं. बाजाराच्या दिवशी दोन पोते वाहीन, बस."
"आणि मी काय द्यायचं?"
"काईच नाई."
पुन्हा विचारलं. पुन्हा काईच नाई. त्याचं मन फिरायच्या आत मी हो म्हटलं! बटई मला माहीत आहे, इथे शेळ्या देतात तशी. वर्ष पोसलं की निम्मं जनावर पोसणाऱ्याचं. पण वर्ष पुरं व्हायच्या आत भत्ता परत चालू होईलच. तोवर खर्च शून्य.

१० नोव्हें.
नेऊन सोडली. किसनच्या बायकोने, सिंधूने, घोडीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नर्मदा मागे वळून पाहील म्हणून मी कुंपणाशी थांबलो. नाही पाहिलं. वाईट वाटलं.

२० डिसें.
सायकल. दोन पंक्चर, एक गुडघा.

१६ जाने. ६६
मळ्यावरून गेलो. घोडीच्या अंगावर अशी तकाकी माझ्याकडे कधी नव्हती. सिंधू तिला डाळीची चुरी देत होती, घरातली. विहिरीला पाणी कमी, वांगी वाळलेली. किसनचे गाल बसले आहेत.
"लेकरांना ठेवता की नाही काही?" मी.
"लेकरायले सांगितलं का समजते, डाक्टरसाहेब. हिले कसं समजवावं?"
चाचांकडे पंचेचाळीसला होती ती पूर्ण खुराक मला फुकट मिळते आहे. याचा आनंद व्हायला हवा होता.

२१ मार्च
कागद! घोडाभत्ता १ एप्रिलपासून पुन्हा चालू. सौ.नेही शिरा केला, म्हणजे पाहा. आजच घोडी आणणार होतो, पण परवा पाडवा. सणाच्या तोंडावर कोणाच्या दारचं जनावर सोडून आणणं बरं दिसत नाही. सण होऊ दे त्यांचा.

२५ मार्च
घात झाला.
दोर सोडायला गेलो तर किसन पुढे आला. "पाडवा लोटला ना, साहेब. आता निम्मी आमची झाली."
म्हटलं, साडेचार महिने झालेत फक्त! तर म्हणाला, सालदाराचं वर्ष पाडव्याला फिरतं, तसंच बटईचं. मधे कधीही द्या. मी नोकरदार माणूस, नोव्हेंबर ते नोव्हेंबर मोजत बसलो. दोन दिवसांनी चुकलो, तेही त्यांच्याच सणासाठी थांबून. लबाड म्हणालो त्याला. तो खाली पाहत राहिला. सिंधू मात्र बोलली, "लबाडी कायची? पाडव्याच्या आंदी आले असते तं मीच दोर हातात देल्ला असता."
तिने दिला असता, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून जास्त राग आला.

२७ मार्च
पाटील आणि गावातले एक जाणते म्हातारे बसले. रीत अशी: बटई मोडतो मी, तर घोडीची किंमत मी बोलायची. निवड किसनची. निम्मी किंमत मला देऊन घोडी ठेवील, नाहीतर माझ्याकडून निम्मी घेऊन सोडील. विचाराला त्याला आठ दिवस. बाजारात घोडीचे दोनशे येतील.

३० मार्च
सौ. म्हणाली, "तीनशे बोला. दीडशे काही त्यांना जमायचे नाहीत. ते दीडशे घेतील, त्यांचं साल निघेल. घोडी आपली."
हुशार आहे. पोस्टात माझे १६० आहेत. सगळे गेले तरी चालतील.
तिनेच सांगितलं, सिंधू काल सोनाराकडे पायातल्या वाळ्यांचं वजन करून आली.

१ एप्रिल
तीनशे ठरवून गेलो होतो. बैठक मळ्यातच. किसन समोर, सिंधू घोडीजवळ, तिच्या आयाळीतले काटे काढत. पाटील म्हणाले, बोला.
"शंभर."
पाटील हसले. "डाक्टर, ऊन लागलं का तुमाले?" किसनने चमकून पाहिलं.
घरी सौ.ने विचारलं, का म्हणून? सांगता येईना. तीनशे बोलून मी त्यांची निवडच विकत घेणार होतो. शंभरात निम्मे पन्नास. पन्नास ते उभे करू शकतात. पण त्यांनी पन्नास घेऊन घोडी सोडली तर मी त्यांना लुबाडलं असं होईल. आणि ठेवली तर?
ठेवली तर मला सहन व्हायचं नाही. हे आज लिहून ठेवतो.

५ एप्रिल
किसनचा निरोप नाही. भत्त्याचे बावीस मंजूर, पण कार्यालयवाले घोडी दाखवा म्हणतात. कोणती दाखवू?

८ एप्रिल
उद्या आठवा दिवस पुरा.
सकाळी मळ्यावर गेलो. विचारायला नाही. नर्मदेचा उजव्या मागच्या पायाचा नाल लवकर सैल होतो, वीस दिवसांनी पाहावाच लागतो, हे किसनला सांगायचं राहिलं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं. कोणता खिळा, तेही विचारलं.
परत येतो तर सिंधू आमच्या अंगणात, सौ.पाशी. मला पाहून उठली, पदर सारखा केला.
"भाऊ, हरभरा भिजवूनच देत जा. कोरडा खात नाई आता. अन् दोर बांधल्यावर दोन शब्द बोलत जा तिच्यासंग, नाईतं चाऱ्याले तोंड लावत नाई."
बरं, म्हणालो. घोडी त्यांच्याकडेच राहील असं धरून मी नालाचं सांगून आलो होतो, ते तिला बोललो नाही.
ती गेल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे घोडी सोडतात का ते?"
 हरभरा भिजत घालावा का, विचार करतो आहे.