कंठातून उतरवलेली मरियममाता

रनाळे, आश्विन, सन १९४४

समुद्रोल्लंघनपटू, सकलशत्रुत्रासक, मातृनयनचंद्र चिरंजीव लोटन यांस, रनाळे ग्रामशाळेचे स्वयंघोषित बृहस्पती बन्सीलाल गुरुजी यांचे सहस्र आशीर्वाद.

इटलीच्या रणभूमीवर गोव्याच्या मित्राने तुझ्या गळ्यात आपल्या आजोबांचे मरियममातेचे चांदीचे पदक घातले, हे वाचून मी विनोदाने आज्ञापिले होते, "परदैवताचा भार कंठी नको, घरी धाड." आज्ञाधारक पुत्रा, तू खरेच धाडलेस! पदक पोचून तीन महिने झाले. त्यानंतर तुझे अक्षर नाही.

तुझ्या आईने ते कुलस्वामिनीच्या टाकाशेजारी ठेवले. मी संकोचलो, तेव्हा म्हणाली, "तुम्हीच सांगं ना त्याले, धाडी दे म्हणीसन? मंग आते जोडा हात."

मी जोडतो. जिला तुझ्यापासून मीच दूर केले, तिच्याकडे तुझे रक्षण मागताना मी समस्त संस्कृत सोडून तुझ्या आईच्या बोलीत बोलतो.

हे पत्र टपालात टाकणार नाही. प्रकाशा गावच्या भिला पाटलांनी लढाईवरच्या मुलाला लिहिलेले पत्र न उघडताच परत आले. न टाकलेले पत्र तरी परत येत नाही.

दिलेली आज्ञा मागे घेणारा,
तुझा पिता बन्सीलाल

ता. क. ही माता देव्हाऱ्यात उभी राहत नाही, रोज सकाळी पालथी सापडते. तुझ्या मित्राच्या घरी तिला टेकू कशाचा देतात, तेवढे विचारून कळव.